माळ्यावरच्या रायफलीचं मोल

"काका, याचे किती येतील?"

डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. घरातले वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. आवराआवर सुरू होती. माळ्यावरून पितळी घंगाळ उतरलं, रुखवताची पत्र्याची ट्रंक उतरली, आणि तिच्यामागून जुन्या लुगड्यात गुंडाळून सुतळीनं तीन ठिकाणी बांधलेली एक लांब वस्तू उतरली. मुलगा चाळिशीचा, बँकेत नोकरीला. आजोबांची रायफल घरात आहे हे त्याला ऐकून माहीत होतं, पण हातात त्यानं ती त्या दिवशीच घेतली. नळीवर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीचं नाव, अक्रोडाचा दस्ता, बोल्टला सुकलेल्या तेलाचा पिवळा थर. इंग्लंडात अशा जुन्या रायफली लिलावात जातात हे त्यानं मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. पौंडाचे रुपयेही करून झाले होते.

मी म्हटलं, "परवाना कुठे आहे?"

त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, मी विषय टाळतोय. पण जुन्या रायफलीची किंमत काढायला तिथूनच सुरुवात करावी लागते. त्या एका उलट प्रश्नाचा अर्थ नीट उलगडून सांगता यावा म्हणून हे पुस्तक लिहायला घेतलं.

मी बंदुकांचा व्यापारी नाही आणि शिकारही कधी केली नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात धातू तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पोलाद, पितळ, गंज आणि तडे यांना डोळे आणि हात सरावले. आजोळ मुरबाडकडचं. तिथल्या माजघरात खुंटीला रायफल टांगलेली असे आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा पोरांना तिच्या जवळपासही फिरकू देत नसत. ओढ तेव्हापासूनची. पुढे कुणाच्या घरात असं हत्यार निघालं की ओळखीतून मला बोलावणं येऊ लागलं: ठाण्यात नौपाड्यात, कल्याणला पारनाक्याजवळ, बदलापुरात, शहापुरात. मी जे शिकलो ते या घरांतून, परवान्यांच्या जीर्ण पुस्तिकांतून आणि मुंबईतल्या परवानाधारक विक्रेत्यांच्या काउंटरपुढे तासन्‌तास उभं राहून.

ही हत्यारं आपल्या भागात आली कशी, हे आधी सांगायला हवं. कल्याण-शीळ रस्त्यावर टॉवरमागून टॉवर बघताना खरं वाटत नाही, पण १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथल्या रानातल्या जनावरांत वाघाची नोंद आहे. शहापूर, मुरबाड, मोखाडा, जव्हार हा रानाचा मोठा पट्टा. जव्हारला मुकण्यांचं संस्थान होतं. १८५३ ला रेल्वे ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली, आणि मुंबईच्या साहेबाला शनिवारी निघून रविवारी पहाटे मचाणावर असणं सोपं झालं. हत्यार घ्यायला त्याला विलायतेला जावं लागत नसे. काळ्या घोड्याजवळची आर्मी अँड नेव्हीची इमारत आजही उभी आहे. त्या दुकानात साहेबाला लागणारं सगळं मिळे, शिकारीचं सामानही. इथले जमीनदार, वतनदार, वकील यांच्यातल्या काहींनी हौसेनं नवी रायफल घेतली. पण बऱ्याच घरांत मी ऐकलं ते असं की १९४७ च्या आगेमागे साहेबलोक बिऱ्हाड मोडून निघाले तेव्हा आजोबांना ती स्वस्तात मिळाली.

मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने त्यानंतरही मिळत होते; १९९१ च्या दुरुस्तीनं तेही थांबले. हे योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण किंमत काढायला बसलेल्या माणसानं त्याचा परिणाम ओळखायला हवा. जातं जुनं झालं तरी त्यावर दळता येतं, शिवणयंत्र जुनं झालं तरी त्यावर शिवता येतं. शिकारीची रायफल ज्या कामासाठी घडवली ते कामच आता गुन्हा आहे. म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतं ते वेगळ्या कारणांसाठी: कुणाला निशाणेबाजीचा सराव करायचा असतो, कुणाला आडबाजूच्या शेतघरावर हत्यार हवं असतं, आणि फार थोड्यांना जुन्या कारागिरीचं वेड असतं. ही तिन्ही माणसं एकाच रायफलीला तीन वेगळ्या किमती देतात.

यातला कुणीही आधी विचारतो तो बोर.

बोर म्हणजे नळीचा आतला व्यास. इंग्रजी पद्धतीत तो इंचाच्या अंशात सांगतात. आपल्याकडे या आकड्याला एवढं वजन कसं आलं याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात .४५० बोरच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी केली. त्या काळी मोठ्या जनावरांच्या शिकारीला हाच बोर सर्वांत लोकप्रिय होता. पण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीही त्याच व्यासाच्या, आणि त्या बंडखोरांच्या हातात पडलेल्या. शिकाऱ्याच्या पेटीतली गोळी फिरून आपल्याच शिपायावर येईल ही सरकारची भीती. हिंदुस्थानचं गिऱ्हाईक लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांना गमावणं परवडणारं नव्हतं. त्यांनी व्यास किंचित बदलून .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी काडतुसं काढली. आज जगभर ज्या .४७० दुनळीला मोठ्या जनावराची रायफल म्हणून मान आहे, तिच्या मागे आपल्याच देशात झालेली ही बंदी आहे.

थ्री नॉट थ्रीचंही तसंच. .३०३ हा फौजेचा बोर, म्हणून सामान्य माणसाला मना. त्यावर तोड म्हणून ऑस्ट्रियाच्या मानलिकर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस घेऊन, लष्करी ली-एनफिल्डच्याच धर्तीच्या यंत्रणेवर .३१५ ची शिकारी रायफल तयार झाली. बीएसएनं ती हिंदुस्थानच्या बाजारासाठी मोठ्या प्रमाणात बनवली, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं तोच बोर पुढे चालवला. ठाणे जिल्ह्यातल्या घरांतून मी पाहिलेल्या रायफलींत निम्म्याहून जास्त याच 'तीनशे पंधरा' होत्या. वरवर बघणाऱ्याला .३०३ आणि .३१५ जुळ्या बहिणी वाटतील. पण व्यवहारात एक प्रतिबंधित, दुसरी अप्रतिबंधित. विक्रेत्यांच्या भाषेत पीबी आणि एनपीबी. पीबी हत्याराला केंद्र सरकारची खास परवानगी लागते, त्यामुळे त्याला खासगी बाजारात जवळजवळ भाव नाही. नळीवरचा आकडा वाचता आला नाही तर बाकी सगळं परीक्षण हवेत राहतं.

बोरच्या मागोमाग काडतूस येतं. .३१५ चं काडतूस आपल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांतच बनतं. त्याच्या बुडावरचा 'केएफ' हा ठसा म्हणजे १८६९ साली पुण्याजवळ खडकीला सुरू झालेल्या कारखान्याची खूण. .२२ आणि .३०-०६ चीही सोय देशात आहे. पण आजोबांनी हौसेनं वेस्टली रिचर्ड्सची .३१८ किंवा ६.५ मिलिमीटरची मानलिकर-शोनॉर घेतली असेल, तर ती कारागिरीनं कितीही सरस असली तरी तिला खाऊ घालायला इथे काही मिळत नाही. एकदा कल्याणमध्ये एका बाईंनी मला रायफलीसोबत रंग उडालेली काडतुसांची पेटी दाखवली, आत पाच काडतुसं. त्यांना वाटत होतं या पेटीमुळे किंमत वाढेल. काडतुसं ठेवायलाही परवाना लागतो, आणि इतकी जुनी काडतुसं चाप ओढल्यावर लगेच पेटतीलच याची खात्री नसते. क्षणभर उशिरानं बार होणं जिवावर बेतू शकतं. मी त्यांना ती रायफलीबरोबरच पोलिसांकडे जमा करायला सांगितली.

आता परवान्याकडे येतो. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्याचं आहे आणि ते वाचताना कंटाळा करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या देशात सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे जी जुनी विलायती हत्यारं देशात आहेत तेवढीच. नवी भर नाही. एवढंच ऐकलं तर माणूस म्हणेल, मग किंमत वर्षागणिक वाढतच गेली पाहिजे. छोट्या पिस्तुल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तसं झालंही. रायफलीचं गणित मात्र २०१९ साली फिरलं. शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला जास्तीत जास्त तीन हत्यारं ठेवता यायची ती दोनवर आली, आणि तिसरं वर्षभरात सोडणं भाग पडलं. सोडताना लोकांनी काय सोडलं? कमरेला लावता येणारं पिस्तूल ठेवलं, बारा बोरची बंदूक ठेवली, आणि आजोबांची लांब रायफल विकायला काढली. एकाच वेळी माल वाढला आणि गिऱ्हाइकाच्या परवान्यातली जागा घटली. किंमत रायफलीच्या पोलादात असते तितकीच घेणाऱ्याच्या परवान्यातल्या त्या एका रिकाम्या ओळीत असते. ही ओळ ज्याच्याकडे आहे आणि जो ती पिस्तुलासाठी राखून न ठेवता जुन्या रायफलीवर खर्चायला तयार आहे, असा माणूस शोधावा लागतो. अशी माणसं थोडी.

इथल्या भूगोलाचाही यात वाटा आहे. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, तिथे परवाना आयुक्तालयाचा. ग्रामीण भागात तो जिल्हाधिकाऱ्यांचा. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. शहापूरकडे तानसा अभयारण्य आहे आणि २०१५ साली ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. म्हणजे ज्या गावांत जुन्या रायफली आहेत, त्याच गावांत नवा घेणारा मिळणं अवघड. शेती राखायला रायफल घेईल कुणीतरी, असंही लोक म्हणतात; पण शस्त्र कायदा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो, आट्यांच्या नळीच्या रायफलीचा नाही.

परवानाधारक वारला की घरच्यांच्या हातून पहिली चूक होते ती गप्प बसण्याची. 'बघू, करू' म्हणत रायफल माळ्यावर राहते. कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवसापासून ती बिनपरवाना आहे, आणि कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायला हवी. लोकांना वाटतं जमा केली की गेली. तसं नाही. त्याच कलमात वारसाला ठरावीक मुदतीत स्वतःच्या नावे परवाना काढून ती परत घेण्याचा, किंवा योग्य परवाना असलेल्या माणसाला विकण्याचा हक्क आहे. मुदत मात्र गेली की ती सरकारजमा होऊ शकते. २०१६ च्या नियमांत वारसासाठी वेगळी तरतूद आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावे अर्ज करता येतो. ज्यांचे वडील आज पंच्याहत्तरीचे आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक गैरसमज ठिकठिकाणी ऐकला: शंभर वर्षं झाली की परवाना लागत नाही. कायद्यात सूट आहे ती कालबाह्य किंवा मोडकळीला आलेल्या आणि दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशा हत्याराला. आजोबांची रायफल चालत असेल, किंवा थोड्या दुरुस्तीनं चालणार असेल, तर तिचं वय कितीही असो, परवाना हवाच. उलट शंभरी गाठली की दुसरीच अडचण उभी राहते. १९७२ च्याच पुरावस्तूंच्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्या एका वर्षानं शिकारी रायफलीचं कामही काढून घेतलं आणि पुढे तिची लंडनची वाटही बंद केली. म्हणून तिथल्या लिलावाचे आकडे इथे लावू नयेत. ती किंमत दुसऱ्या देशातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची आहे.

कागद ठीक आहेत, बोर ठीक आहे, असं ठरलं की मगच पोलादाकडे बघायचं. आणि आपल्या हवेत पोलादाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल असते. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा जळून मिठासारखा क्षार होतो. तो नळीत बसतो, हवेतलं पाणी ओढून घेतो आणि आतून पोलाद खातो. तेलाचा बोळा फिरवून तो निघत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाही. जाणते शिकारी त्याच संध्याकाळी नळीत आधी कढत पाणी ओतत, कोरडी करत आणि मग तेल लावत. ज्या घरात ही सवय होती त्या रायफलीची नळी आज सत्तर वर्षांनीही आरशासारखी दिसते, आतल्या पिळाच्या कडा धारदार असतात. जिथे नव्हती तिथे देवीच्या वणांसारखे खड्डे. बाहेरून दोन्ही सारख्याच झळझळीत असू शकतात, आणि किमतीत दुपटीहून जास्त फरक पडतो.

बाहेरची झळाळी हाही एक सापळाच. माझ्या आजोबांच्या रायफलीचं मी स्वतः केलेलं नुकसान इथे सांगतो. खंडेनवमीला तिची पूजा होई. पाण्याचा हात, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्यानंतर ती तशीच खुंटीला. वर्षानुवर्षांच्या ओल्या कुंकवाखाली घोड्याजवळ तांबूस डाग धरले होते. मी एकोणीस वर्षांचा होतो. आजोबांना बरं वाटावं म्हणून एका दुपारी पॉलिश पेपरनं ते डाग घासून काढले, आणि त्याबरोबर कंपनीनं दिलेला निळसर काळा मुलामा आणि प्रूफ हाउसच्या ठशांच्या कडाही घासल्या गेल्या. आजोबा काही बोलले नाहीत. पुढे मी हे काम शिकत गेलो तसं मला कळलं की त्या एका दुपारी मी तिच्या किमतीचा मोठा हिस्सा भुकटी करून खिडकीबाहेर झटकला होता. पूजा जरूर करावी. फूल आणि कुंकू पाटावर ठेवावं, पोलादाला कोरडं फडकं आणि तेलाचा पातळ हात पुरतो.

प्रूफचे ठसे म्हणजे रायफलीची जन्मपत्रिका. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ साली सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. प्रत्येक नळी तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून तपासली जाई आणि टिकली तरच तिच्यावर मुकुटाचा ठसा उठे. ठशांची रूपं ठरावीक वर्षांनी बदलत गेली, त्यावरून काळ सांगता येतो. बर्मिंगहॅमच्या ठशांत तर १९२१ पासून वर्षाची सांकेतिक अक्षरंही दिसतात. ठसा नसेल, किंवा 'लंडन' हा शब्दच चुकीच्या अक्षरांनी कोरलेला असेल, तर ती कुठल्या तरी गावठी कारखान्यात झालेली नक्कल समजावी. आर्मी अँड नेव्हीचं नाव असलेल्या बंदुका त्या दुकानानं स्वतः घडवलेल्या नसत, इतर कारागिरांकडून करवून घेतलेल्या असत. पण त्यांच्या विक्रीच्या जुन्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात जपल्या आहेत. रिग्बी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांच्या वह्याही शाबूत आहेत. नंबर कळवला तर रायफल कधी, कुणासाठी, कोणत्या मापाची बनली याचा दाखला मिळू शकतो. हा कागद दिसायला साधा, पण जाणकार गिऱ्हाइकापुढे त्याचं वजन फार.

मालकामुळे किंमत किती चढते याचं सर्वांत ठळक उदाहरण जिम कॉर्बेटचं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली त्यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी .२७५ बोरची रिग्बी भेट दिली. त्या मॉडेलच्या रायफली त्या काळी पुष्कळ विकल्या गेल्या. पण हिच्या दस्त्यावर ती भेट का आणि कुणी दिली हे कोरलेली चांदीची पट्टी आहे, आणि तेवढ्यासाठी २०१५ साली खुद्द रिग्बी कंपनीनं ती मिळवून आपल्याकडे नेली. आपल्या आजोबांनीही वाघ मारला होता असं सांगणारी घरं मला अनेक भेटली. सांगण्यानं किंमत हलत नाही. तारखेचा फोटो, पत्र, बिल, परवान्यावरची जुनी नोंद, यांतलं काही असलं तरच हलते.

मग आकडा कसा काढायचा? अमेरिकेत बंदुकांच्या किमतींची जाडजूड पुस्तकं निघतात. मूळ मुलामा किती टक्के शिल्लक आहे त्यावरून किंमत वाचायची. आपल्याकडे तसं पुस्तक नाही आणि इतक्या आकसलेल्या बाजारात ते होणंही कठीण. मी एक साधी रीत पाळतो. .३१५ असेल तर इशापूरच्या नव्या रायफलीची त्या दिवसाची फॅक्टरी किंमत आधी विचारून घेतो. घेणाऱ्यापुढे तो पर्याय कायम उभा असतो, म्हणून जुनी बीएसए त्या आकड्याच्या आसपासच फिरते. नळी स्वच्छ, दस्ता मूळचा, बोल्टवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी जुळणारा, असं असेल तर वर जाते. नळीत खड्डे, दस्त्याला धक्क्यानं पडलेली चीर, दुर्बीण बसवायला पाडलेली भोकं, नवा चढवलेला चकचकीत मुलामा, असं असेल तर झपाट्यानं खाली येते. लंडनच्या नामांकित कारागिराची .३७५ मॅग्नम असेल तर तुलनेला नवी वस्तूच देशात नाही; तिथे किंमत दोन किंवा तीन वेड्या माणसांच्या इच्छेवर ठरते आणि थांबायची तयारी लागते. दुनळी रायफल हा तर स्वतंत्र विषय आहे: दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी जाव्यात म्हणून कारागीर त्या पुन्हा पुन्हा झाडून, बसवून, जुळवत असे, आणि ती जुळणी बिघडली तर आज ती पुन्हा करणारा हात आपल्याकडे शोधून सापडणं कठीण. तिला शेवटचं प्रकरण दिलं आहे.

विक्रेता सांगतो तो आकडा ऐकून घरचे दुखावतात. त्याची बाजूही समजून घ्यावी. तो घेतो तेव्हा पैसे आज देतो आणि गिऱ्हाईक कदाचित दोन वर्षांनी येतं. मात्र एकाच्या बोलण्यावर थांबू नये; दोघांकडून लेखी घ्यावं. जमा ठेवलेल्या रायफलीचं भाडं महिन्याला चढत असतं, ते आधीच विचारावं. परवानाधारकानं थेट दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. आणि घाईच्या पोटी कागदाविना कुणाच्या हाती ती देऊ नये, कितीही रक्कम समोर ठेवली तरी.

त्या डोंबिवलीच्या घरात परवाना अखेर सापडला, एलआयसीच्या पावत्यांच्या फायलीत. सोबत आजोबांचा जुना परवाना टाचलेला होता आणि प्रत्येक निवडणुकीच्या वेळी रायफल पोलीस ठाण्यात जमा केल्याच्या पावत्याही होत्या. वडिलांनी एकही टाकली नव्हती. परवान्यावरचा नंबर मी वाचत गेलो, मुलगा बॅटरीच्या उजेडात नळीवरचा वाचत गेला. शेवटचा अंक जुळेना. कागदावर तीन, पोलादावर आठ. कुठल्या तरी नूतनीकरणात कुणाच्या तरी पेनानं आठाचा तीन झाला होता आणि पुढच्या प्रत्येकानं तो तसाच उतरवला होता. तो एक अंक तसाच राहिला असता तर कुठल्याही विक्रेत्यानं तिला हात लावला नसता. आजोबांच्या जुन्या परवान्यावर आठच होता, म्हणून दुरुस्ती झाली. अर्ज, पंचनामा, हेलपाटे धरून पाच महिने गेले.

रायफल दुसऱ्या दिवशीच पोलीस ठाण्यात जमा केली होती, तिथून ती पुढे विक्रेत्याकडे गेली. नाशिककडच्या एका निशाणेबाजानं ती घेतली. मोबाइलवरच्या आकड्याच्या जेमतेम चौथा हिस्सा रक्कम आली. विक्रेत्यानं पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याहून मात्र बरीच जास्त, कारण नळी कढत पाण्यानं धुतलेली होती आणि दस्त्याला कुणी रंधा लावला नव्हता. पैसे भावंडांत वाटले गेले. मुलानं विक्रेत्याकडे दोनच गोष्टी मागितल्या: ते जुनं लुगडं, आणि आजोबांच्या परवान्यातल्या त्या पानाची झेरॉक्स, जिथे आठ नीट वाचता येत होता.